स्वरयंत्र आधी बोटांनी ओळखा: आवाज कसा निघतो हे स्वतःच्या गळ्यावर पडताळून पाहण्याची पद्धत

आवाज बसला की आपण म्हणतो, ‘घसा बसला’. खरं तर घसा म्हणजे तोंडामागची पोकळी, जिथून घासही जातो आणि हवाही. बसतात ते त्याच्या खाली, स्वरयंत्रात असलेले स्वरतंतू. मी आवाजाचे वर्ग घेते, आणि सगळ्यात जास्त वेळ मला हा एवढा फरक समजावण्यात लागतो. जागा चुकली की उपायही चुकतो. लोक स्वरतंतू ओले व्हावेत म्हणून बोलता बोलता घोट घोट पाणी पितात, मोठा आवाज काढायचा म्हणून गळा आवळतात आणि आवाज थकला की त्याला आराम म्हणून कुजबुजतात. या तिन्हींत काय चुकतं ते स्वरयंत्राची रचना कळली की आपोआप कळतं.

हा लेख वाचताना एक हात मोकळा ठेवा. एक ग्लास पाणी आणि एक स्ट्रॉही जवळ असू द्या. गळ्याला बोट लावताना दाब अगदी हलका ठेवायचा आणि मधल्या रेषेवरच राहायचं. मानेच्या बाजूंना दाबायचं नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात.

पहिला टप्पा: चौकट शोधा

मान सरळ, खांदे सैल. हनुवटी किंचित वर करा आणि तिच्या खालून तर्जनी हळूहळू खाली सरकवत न्या. मऊ भाग संपून पहिल्यांदा काहीतरी टणक लागेल, ते कंठास्थी. घोड्याच्या नालेसारखं हे हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंनी आणि बंधांनी ते नुसतं टांगलेलं असतं. वरून जिभेचं मूळ त्याला धरलेलं आणि खालून सगळं स्वरयंत्र त्याला लोंबकळलेलं. ही जोडणी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणखी थोडं खाली कंठमणी लागतो. तो थायरॉइड कूर्चेचा, म्हणजे हाडाहून मऊ अशा लवचीक पट्टीचा, पुढे आलेला भाग. (थायरॉइड ग्रंथी वेगळी, ती याच्या खाली असते. नावामुळे खूप जणांचा गोंधळ होतो.) अर्धवट उघडलेलं पुस्तक कणा पुढे करून उभं ठेवावं, तशा या कूर्चेच्या दोन फळ्या पुढे येऊन मिळतात. प्रौढ पुरुषात हा कोन साधारण ९० अंशांचा, स्त्रीमध्ये साधारण १२० अंशांचा. म्हणून पुरुषाचा कंठमणी बाहेर डोकावतो आणि स्त्रीचा बोटानेच शोधावा लागतो. वरच्या काठावर मधोमध एक खाच आहे. तिच्या थोडं खाली, कूर्चेच्या आतल्या अंगाला, दोन्ही स्वरतंतूंची पुढची टोकं जोडलेली असतात. म्हणजे तुमचं बोट आणि स्वरतंतू यांच्यामध्ये आत्ता फक्त कातडी आणि कूर्चेची एक पातळ भिंत आहे.

तिथून खाली सरकलात की एक छोटी मऊ खळगी लागते आणि लगेच पुन्हा कठीण कडं. ते कडं म्हणजे क्रिकॉइड कूर्चा. खड्याच्या अंगठीसारखी रचना, फक्त खडा मागच्या बाजूला: पुढे अरुंद, मागे उंच आणि रुंद. श्वासाच्या सगळ्या वाटेत पूर्ण गोल असलेलं हे एकच कडं. खालच्या श्वासनलिकेच्या कड्या मागून उघड्या असतात. या ‘खड्या’वर दोन चिमुकल्या त्रिकोणी कूर्चा बसलेल्या असतात, त्यांना ॲरिटेनॉइड म्हणतात. त्या बोटाला लागणार नाहीत, पण सगळं नाट्य तिथेच घडतं. स्वरतंतूंची मागची टोकं त्यांना जोडलेली असतात, आणि त्या फिरल्या-सरकल्या की तंतू मिटतात किंवा उघडतात.

आता बोट कंठमण्यावर ठेवून आवंढा गिळा. सगळं यंत्र वर उचललं जाऊन पुन्हा खाली येईल. हे स्वरयंत्राचं मूळ काम, आवाजाच्या कितीतरी आधीचं. घास येताना श्वासनलिकेचं दार बंद झालं पाहिजे, म्हणून स्वरयंत्र वर जातं, कंठच्छद (जिभेच्या मुळामागचं झाकण) त्याच्यावर कलतो, खोटे स्वरतंतू (खऱ्यांच्या जरा वर असलेल्या घड्या) आणि खरे स्वरतंतू मिटतात. यात क्षणाची चूक झाली की ठसका लागतो. जड वस्तू उचलतानाही हेच दार बंद होतं; आत हवा कोंडून शरीर छाती-पोट घट्ट करतं. खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी धरून वर ओढून पाहा, श्वास गळ्यापाशी अडल्याचं जाणवेल.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण आवाजाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. शरीराला ‘जोर लाव’ म्हटलं की ते स्वरयंत्र बंद करतं. आणि आपण मोठ्याने बोलताना नेमका जोरच लावायला जातो.

दुसरा टप्पा: गुणगुण कुठून येते ते पाहा

तळहात गळ्यावर सपाट ठेवा. लांब ‘स्स्स्स्’ म्हणा. काही जाणवणार नाही. मग भुंग्यासारखं ‘झ्झ्झ्झ्’ म्हणा. हाताला झिणझिण्या येतील. पहिल्यात तंतू उघडे होते, दुसऱ्यात ते मिटून थरथरले. आपल्या व्याकरणात यालाच अघोष आणि घोष म्हणतात.

मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात एक तिसरी अवस्थाही रोज वापरात असते. ‘मणी’ म्हणा, मग ‘म्हणी’ म्हणा. ‘बार’ म्हणा, मग ‘भार’. दुसऱ्या शब्दात आवाज थांबत नाही, पण त्याच्यात हवा मिसळते. तिथे स्वरतंतू थरथरत असतात आणि तरी पुरते मिटत नाहीत, त्यामुळे हवा मध्ये गळत राहते. ‘म्ह, न्ह, ल्ह, भ, घ, ध’ ही सगळी अक्षरं आपण या अर्धवट मिटलेल्या तंतूंनी काढतो. कितीतरी भाषा बोलणाऱ्यांना ही अवस्था मुद्दाम शिकावी लागते. आपल्याला ती लहानपणापासून येते, फक्त ती स्वरयंत्रात घडते हे ठाऊक नसतं. ‘मणी-म्हणी’ ही जोडी पाच-सहा वेळा सावकाश म्हणा आणि तंतू कधी जवळ येतात, कधी सैल होतात तिकडे लक्ष द्या. पुढच्या टप्प्यांना हीच जाणीव लागणार आहे.

तिसरा टप्पा: ‘तंतू’ हा शब्द जरा बाजूला ठेवा

स्वरतंतू म्हटलं की डोळ्यांपुढे तार येते. प्रत्यक्षात त्या स्वरयंत्राच्या दोन्ही भिंतींवरून आत आलेल्या ओल्या घड्या असतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रीमध्ये साधारण १२ ते १७ मिलिमीटर. अंगठ्याच्या नखाएवढी जागा.

घडीत थर असतात. सगळ्यात वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग चिवट बंध आणि आत स्नायू. जपानी संशोधक मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं की वरचं मऊ आवरण आणि आतलं घट्ट अंग वेगवेगळं वागतं. हे समजायला तुमचा दुसरा हात पुरे आहे. बोटं सरळ ठेवून हाताच्या पाठीवरची कातडी एका बोटाने मागे-पुढे सरकवा. कातडी हलते, खालची हाडं जागची हलत नाहीत. आता मूठ घट्ट आवळा आणि पुन्हा सरकवा. कातडी ताणली गेली, हालचाल संपली. स्वरतंतूंवरचं आवरण असंच मोकळं असेल तर त्यावरून लाट फिरते आणि आवाज स्वच्छ येतो. सर्दीत त्याला सूज आली किंवा ते कडक झालं की लाट अडखळते, आणि आपण म्हणतो आवाज घोगरा झाला.

ही लाट उठवतं कोण? मेंदू दर थरथरीला हुकूम देतो, असं फ्रेंच संशोधक राऊल ह्यूसाँ यांनी १९५० च्या सुमारास मांडलं होतं. ते टिकलं नाही. १९५८ मध्ये यानविलेम व्हान डेन बर्ग यांनी मांडलेलं स्पष्टीकरण आज पायाभूत मानलं जातं: मेंदू तंतू जवळ आणून ठेवतो, थरथर हवा करते. ओठ सैल मिटून ‘ब्र्र्र्र्’ करा, लहान मुलं गाडी-गाडी खेळताना करतात तसं. प्रत्येक फडफड तुम्ही करत नाही. तुम्ही ओठ ठेवता आणि फुंकर सोडता. स्वरतंतूंचंही तसंच आहे. खाली हवेचा दाब वाढतो, घडीची खालची कड आधी उघडते, मग वरची. हवा निसटते, दाब उतरतो, लवचीकपणामुळे खालची कड आधी मिटते आणि मागोमाग वरची. बोलताना पुरुषात हे सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा घडतं, स्त्रीमध्ये २०० च्या आसपास आणि नवजात बाळाच्या रडण्यात ४०० ते ५०० वेळा.

इतकं जलद हलणारं काही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तरी ते पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका गायन शिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन टाकलं आणि स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण सादर झालं. आज डॉक्टर स्ट्रोबोस्कोप वापरतात. थरथरीच्या वेगाहून किंचित वेगळ्या गतीने प्रकाश चमकवला की तीच लाट डोळ्यांना संथ चालताना दिसते. तुम्हाला कधी ही तपासणी करून घ्यायची वेळ आली तर पडद्याकडे जरूर बघा. स्वतःचा आवाज डोळ्यांनी पाहायला मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे.

चौथा टप्पा: खळगीवर बोट ठेवून स्वर चढवा

कंठमणी आणि अंगठी यांच्यामधली ती मऊ खळगी पुन्हा शोधा. तर्जनीचं टोक तिथे अलगद टेकवा. हलक्या आवाजात ‘ऊ’ म्हणत अगदी खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत घसरत जा. स्वर चढताना खळगी अरुंद होत गेल्यासारखी वाटेल. पहिल्या वेळी बहुतेकांना ती हरवते, कारण सगळं यंत्रही थोडं वर सरकतं. बोटाने त्याची पाठ धरा आणि चार-पाच वेळा पुन्हा करा.

इथे काम करतो तो क्रिकोथायरॉइड स्नायू. तो अंगठीची पुढची बाजू थायरॉइड कूर्चेच्या जवळ आणतो. त्यामुळे अंगठीचा मागचा ‘खडा’ मागे झुकतो, त्यावरच्या ॲरिटेनॉइड कूर्चा मागे जातात, आणि पुढे थायरॉइडला बांधलेल्या घड्या लांब, पातळ आणि ताठ होतात. म्हणून स्वर चढतो.

वर्गात इथे हमखास एक शंका निघते: लांब तार तर खालचा स्वर देते, मग तंतू लांब झाल्यावर स्वर वर कसा जातो? शंका अगदी रास्त आहे. लांबीमुळे स्वर थोडा उतरायलाच हवा, पण ताणल्यावर घडीचा ताठपणा लांबीच्या मानाने कितीतरी झपाट्याने वाढतो आणि तोच भारी पडतो.

याच्या उलट काम घडीच्या आतला स्नायू करतो. तो आकसला की घडी आखूड आणि जाड होते, दोन्ही घड्या एकमेकींना खोलवर भिडतात, आणि खालच्या पट्टीतला भरदार आवाज येतो. अगदी वरच्या पातळ आवाजात तो जवळजवळ सैल पडतो आणि फक्त कडा थरथरतात. चढत जाताना मध्ये आवाज फाटतो, ती या दोन स्नायूंमधली अदलाबदल. ती गुळगुळीत व्हायची असेल तर खालचा जाडपणा वरपर्यंत ओढत न्यायचा नाही. फाटण्याची जागा येण्याआधी दोन-तीन स्वरांपासूनच आवाज हलका करत जायचा. वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हाही हीच अदलाबदल बिघडलेली असते. काही महिन्यांत चौकट मोठी होते, तंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, आणि मेंदूचा जुना हिशोब चुकायला लागतो. त्या काळात मुलाला गप्प बसवू नका. त्याच्या सोयीच्या मधल्या पट्टीत त्याला बोलू-गाऊ द्या.

वरचे स्वर लावताना कंठमणी हनुवटीकडे पळत असेल तर जीभ तपासा. जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र एकाच कंठास्थीला बांधलेलं आहे, हे पहिल्या टप्प्यात पाहिलं. हनुवटीखालच्या मऊ भागाला अंगठा लावून पाहा. तो स्वर लावताना दगडासारखा होत असेल तर जीभ बाहेर काढून तेच स्वर ‘आ’वर म्हणा. सुरुवातीला ऐकायला विचित्र वाटेल, ताण मात्र लगेच उतरतो.

पाचवा टप्पा: ‘आ’ तीन तऱ्हांनी सुरू करा

एकदा ‘हा’ म्हणा, ह लांबवून. एकदा खोकण्याआधी गळा मिटतो तसा मिटून धक्क्याने ‘आ’ काढा. आणि एकदा श्वास सोडणं आणि आवाज अगदी एकाच क्षणी सुरू करा. पहिल्यात हवा आधी निघते, दुसऱ्यात तंतू आधी आपटतात, तिसऱ्यात दोघं बरोबर भेटतात. रोजच्या बोलण्याला तिसरी तऱ्हा हवी. दुसरी सवय झाली तर स्वरांनी सुरू होणारा प्रत्येक शब्द म्हणजे एक छोटी टक्कर. ती सवय मोडायला ‘हाआ, आ, हीई, ई’ असं म्हणत ‘ह’ कमी कमी करत न्यायचा.

तंतू मिटवायला स्नायू अनेक आहेत, उघडायला मात्र एकच जोडी, मागच्या बाजूची. त्यामुळे मिटणं शरीराला सोपं जातं, आणि सोडणं मुद्दाम शिकावं लागतं.

सहावा टप्पा: ग्लास आणि स्ट्रॉ

साध्या बोलण्याला किती दाब लागतो हे आता मोजून पाहा. ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक पाण्यात ७ सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे यायला लागतील एवढंच फुंका. गप्पा मारताना स्वरतंतूंखाली जो दाब असतो तो साधारण ५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे जवळपास हाच. इतका कमी दाब पुरतो हे पाहून माझे विद्यार्थी गप्प होतात. एक शिक्षिका दर आठवड्याच्या शेवटी आवाज गमावून यायच्या. हा प्रयोग केल्यावर त्या स्ट्रॉ हातात धरून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘मग मी इतकी वर्षं कशाला ढकलत होते?’

त्या ढकलत होत्या कारण मोठा आवाज गळ्यातून येतो असं त्यांना वाटत होतं. स्वरतंतूंचा आवाज म्हणजे नुसता भुंगा. एकाच स्वरावर ‘ई-आ-ऊ’ असं सावकाश म्हणा. गळ्यावरच्या हाताखालची थरथर बदलत नाही, तरी तीन वेगळी अक्षरं ऐकू येतात. तो बदल तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीने केला. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही नळी प्रौढ पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर लांब असते, आणि भुंग्यातल्या कोणत्या भागाला उचलायचं, कोणता दाबायचा ते ती ठरवते. दाब थोडा वाढवून, जबडा मोकळा सोडून, जीभ पुढे ठेवून जो मोठेपणा मिळतो त्यात गळ्यावर भार पडत नाही.

आता त्याच स्ट्रॉने सराव करा. टोक २-३ सेंटिमीटरच बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती नीट मिटा, नाकातून हवा जाऊ देऊ नका, आणि सोयीच्या स्वरावर ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते अडखळले तर श्वास झटक्याने सुटतोय. मग खालून वर, वरून खाली घसरा. पुढे पाण्याशिवाय स्ट्रॉमधून, आणि शेवटी स्ट्रॉ काढून एखादं वाक्य बोला. तोंडाकडची वाट अरुंद असल्यामुळे हवेचा उलटा दाब तंतूंपर्यंत पोचतो, त्यांना आपटू देत नाही, आणि कमी श्रमात थरथर चालू राहते. दिवसातून तीन-चार वेळा दोन-तीन मिनिटं पुरतात. गळ्यात आवळल्यासारखं वाटलं तर थांबा आणि स्वर खाली आणा.

सांभाळायचं कसं

पाण्याचा घोट अन्ननलिकेत जातो. तो स्वरतंतूंना शिवलाच तर ठसका लागेल. पाणी रक्तातून तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी भरपूर पिण्यापेक्षा दिवसभर पीत राहा. तंतूंच्या पृष्ठभागाला थेट ओलावा मिळतो तो श्वासातल्या वाफेने. कुजबुजताना तंतूंच्या मागे फट राहते, कोरडी हवा वाहते आणि बऱ्याच जणांचे आजूबाजूचे स्नायू उलट जास्त आवळले जातात. आवाज थकला असेल तर हळू आणि कमी बोला, नाहीतर गप्प राहा. खाकरणं म्हणजे तंतू एकमेकांवर घासणं. त्याने सूज येते, सुजेमुळे पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी आवंढा गिळा किंवा ओठ मिटून हलकं ‘म्म्म्’ करा. ओरडणाऱ्यांना गाठी येतात त्या घडीच्या थरथरणाऱ्या भागाच्या मधोमध, कारण टक्कर तिथेच सगळ्यात जोरात होते. धूम्रपानाने तो जेलीसारखा थर कायमचा फुगू शकतो आणि आवाज जाड होत जातो.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्या, विशेषतः धूम्रपान करत असाल तर. गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ असेल तर तीन आठवडेही थांबू नका, आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. ओरडताना किंवा जोराने गाताना आवाज अचानक गेला तर त्या क्षणापासून पूर्ण मौन आणि लवकरात लवकर तपासणी. तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. कधी कधी बिघाड तंतूंत नसून त्यांच्या मज्जातंतूत असतो. डाव्या बाजूचा मज्जातंतू मानेतून थेट स्वरयंत्रात न जाता छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन पुन्हा वर येतो. त्यामुळे छातीतल्या आजाराची, किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावल्याची, पहिली खूण कधी कधी बदललेला आवाज ही असते.

सकाळी उठल्यावर मी स्वतः एवढंच करते: तळहात गळ्यावर, ‘मणी, म्हणी’ दोनदा, मग हलक्या ‘ऊ’वर खालून वर एक घसरण. वरचे स्वर रोजच्यासारखे हलके लागले नाहीत, नुसती हवा आली, तर त्या दिवशी तंतू सुजलेले आहेत असं समजते आणि त्या दिवसाचं गाणं उद्यावर ढकलते.